तांडेलच्या खुर्चीला टॉवेल फुटला

सोमवारी सकाळी हरेश्वर तांडेल ऑफिसात आला तेव्हा त्याच्या खुर्चीला टॉवेल फुटला होता. झाडाला पालवी फुटते तसा. पाठीच्या वरच्या कडेला आधी नुसती पांढरी लव होती, हाताला मऊ लागणारी. चहा येईपर्यंत ती वीतभर झाली आणि डबे उघडायच्या आत अख्खा टॉवेल खाली लोंबला. कडेला निळी पट्टी, कोपऱ्यात बांधकाम खात्याचा शिक्का. सरकारात बड्या साहेबांच्या खुर्चीवर असतो, अगदी तोच.

‘वज्रसेतू इंजिनियरिंग’ ही खासगी कंपनी. पूल, बोगदे, बंदरं, धरणाचे दरवाजे, लोखंडाचं आणि सरकारी असं जे जे असेल ते बांधणारी. तिच्या कुठल्याही खुर्चीला आजवर टॉवेल आला नव्हता. टॉवेल रस्त्यापलीकडे, बांधकाम खात्याच्या इमारतीत. तांडेलची नोकरी म्हणजे रोज तो रस्ता ओलांडायचा आणि एकेका टॉवेलसमोर उभं राहायचं. टॉवेलवरचा माणूस ‘बसा’ म्हणेपर्यंत बसायचं नाही. कार्डावर त्याचा हुद्दा ‘शासकीय समन्वय’ असा छापला होता. कँटीनमधे त्याला ‘आमचा राजदूत’ म्हणत आणि हसत.

कामाची रीत ठरलेली होती. सरकारचा आदेश सरकार लिहीत नसे, तांडेल लिही. कंपनीला काय हवं ते सरकारच्या भाषेत बसवायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं, पलीकडे न्यायचं. तिथे खाली फक्त सही व्हायची. टेंडरच्या अटीही तोच लिही. ज्याच्याकडे अमुक उंचीची क्रेन असेल त्यानेच यावं, असं तो लिही आणि तेवढ्या उंचीची क्रेन देशात एकट्या वज्रसेतूकडे असे. गरीब माणसाने असं केलं तर त्याला चोर म्हणतात, कॉलर धरतात. कंपनीने केलं की चहा मागवतात.

तर टॉवेल फुटला. तांडेलने तो नाकाशी नेला. डांबरगोळ्या आणि जुना घाम, वास बरोबर होता. आयुष्यभर ज्या वासासमोर तो कमरेत वाकला, तो वास आज त्याच्या पाठीशी होता. त्याने दार लावून घेतलं, खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला आणि एकट्यानेच खदखदून हसला.

कंपनीचे डायरेक्टर रायरीकर पेढ्यांचा खोका घेऊनच आले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“मला वाटलंच होतं,” ते म्हणाले. “इतकी वर्षं खतपाणी घातलं. कधीतरी रुजणारच की! बोला साहेब.”

“साहेब काय म्हणताय मला? तुम्ही मला अरे-तुरे करता.”

“ते टॉवेलाच्या आधी. आता एखादा आदेश सोडा बघू. छोटासाच. खाडीपूल घ्या.”

तांडेलने घसा खाकरला. “खाडीपुलाच्या कामास याद्वारे मंजुरी देण्यात येत आहे,” तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण जरा वरच्या मजल्यावरून आल्यासारखा.

मागच्या खिडकीतून खाडी दिसत असे. पाणी थरथरलं आणि त्यातून एक खांब वर आला. काँक्रीटचा, ओला, टोकाला शेवाळ. मग दुसरा, मग तिसरा. रायरीकरांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. खाली कामगार शिट्ट्या वाजवू लागले. एक वाक्य, आणि खाडीला खांब! याच वाक्यासाठी तो महिनोन्‌महिने पलीकडच्या पॅसेजमधे उभा राहिला होता, साहेबांच्या कुत्र्याच्या बाळंतपणाची चौकशी करत.

“अजून एक,” रायरीकर म्हणाले.

त्याने बंदर दिलं. बोगदा दिला. डोंगरातून भोक आरपार गेलं आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसलं. प्रत्येक आदेशाबरोबर इमारतीला हलकासा धक्का बसत होता, होडी धक्क्याला लागते तसा. आनंदाच्या भरात कुणी तिकडे लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बांधकाम खात्याचे प्रधान सचिव मुळावकर आत आले आणि उभे राहिले. या मुळावकरांनी तांडेलला कधी ‘बसा’ म्हटलं नव्हतं. आज त्यांच्या हातात त्यांचाच टॉवेल होता, घडी घातलेला, पिवळा पडलेला.

“गळला,” ते म्हणाले. “सकाळपासून आमच्याकडे सगळ्यांचेच गळताहेत. पॅसेजमधे नुसता खच पडलाय. झाडूवाला विचारतोय, जाळू का.”

“अरेरे,” तांडेल म्हणाला. त्याला इतकं बरं वाटत होतं की पायाची बोटं बुटात वळवळत होती.

“आमचं काय मग, तांडेल साहेब? मी तसाही निवृत्तीनंतर तुमच्याकडेच येणार होतो. सल्लागार म्हणून. रायरीकरांनी केबिनसुद्धा दाखवली होती.”

“मग आत्ताच या की,” रायरीकर म्हणाले. “उगाच मधला वेळ कशाला?”

“रस्ता ओलांडताना दमलात का?” तांडेलने विचारलं. त्याला टोमणा मारायचा होता.

“ओलांडायला रस्ता आहे कुठे,” मुळावकर म्हणाले. “एका ढांगेत आलो.”

तांडेलने रस्त्याकडच्या खिडकीतून खाली पाहिलं. दोन्ही इमारतींच्या मधला चारपदरी रस्ता आता गल्लीएवढा झाला होता. दुभाजकावरची झाडं भिंतींना घासत होती. पलीकडच्या इमारतीतले कारकून खिडक्यांतून वाकून इकडच्या टेबलांवरचे पेढे उचलत होते. आणि खाली, त्या गल्लीत, माणसं बसली होती. बायकाच जास्त, नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर ऊन घेऊन, पुढ्यात मासळीच्या टोपल्या. हातात फलक: वेरंगे कोळीवाड्याचं वाळवण आमच्या हक्काचं.

त्यांच्या पुढे नथूबाय होती. तांडेलची थोरली बहीण. आई गेल्यावर हिने मासळी सुकवून, विकून त्याला इंजिनियर केलं होतं.

आता हा माणूस त्या बायकांना विसरला होता असं नाही. उलट. खाडीपुलाचं एक टोक वेरंग्याला उतरणार होतं, ते नेमकं वाळवणावर. वाळवण म्हणजे किनाऱ्यालगतची मोकळी जागा. तिथे बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, उलटे, तोंडात तोंड अडकवून. सगळा कोळीवाडा त्या जागेवर जेवतो. तांडेलने बहिणीला शब्द दिला होता, “बाय, मी आहे ना तिथे. तुमच्या जागेला कुणी हात लावणार नाही.” त्या शब्दावर कोळीवाडा गप्प बसला होता. खांब वर येताच अख्खा वाडा उठून इथे आला.

“हर्‍या!” खालून हाक आली. “मना ओलखतंस का नाय?”

“बाय!” तो ओरडला. त्याचा आनंद अजून उतरला नव्हता, उलट आणखी चढला. “बाय, टॉवेल आलाय मला! आता मीच सरकार! तुमचं काम आत्ता करतो, इथेच, तुझ्यासमोर!”

“मंग कर ना. बोलतंस कनाला?”

बायका हसल्या. एकीने कौतुकाने कानशिलावर बोटं मोडली. तांडेल ताठ बसला. हाच तो क्षण, यासाठीच सगळं सोसलं, असं त्याला खरोखर वाटलं. त्याचे डोळे भरून आले. आणि त्याने आदेश सोडला, सवयीच्या सपाट्यात:

“वेरंगे येथील वाळवणाच्या जागेस कायमस्वरूपी संरक्षण देण्यात येत असून सदर संरक्षण मे. वज्रसेतू इंजिनियरिंग यांचेमार्फत करण्यात यावे.”

शेवटचे शब्द तोंडातून गेले तेव्हाच त्याला कळलं. पण गेले. आयुष्यात लिहिलेल्या प्रत्येक आदेशाच्या शेवटी त्याने हेच शब्द लिहिले होते. आदेश संपवायची दुसरी तऱ्हा त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हती.

खाडीपलीकडे वेरंग्याच्या किनाऱ्यावर राखाडी काहीतरी पसरलं. बांबूंच्या बुंध्याशी, मग गुडघ्याएवढं, मग दोऱ्यांच्या वर. वाळवणाला चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत आली आणि वरून काँक्रीटचं झाकण बसलं. जागा कायमची सुरक्षित झाली. तिच्यात आता ऊनसुद्धा शिरू शकत नव्हतं.

“सुंदर!” रायरीकर म्हणाले. “माझ्या डोक्यातही आलं नसतं.”

इमारत पुन्हा सरकली. या वेळी धक्का जोरात बसला, पेढे जमिनीवर सांडले. खाली किंचाळ्या उठल्या. बसलेल्या बायका उभ्या राहिल्या होत्या, कारण बसायला जागा उरली नव्हती. गल्लीची दोन्ही टोकं सिमेंटच्या पोत्यांनी बंद होती. ती पोती कधी आली, कुणी पाहिलं नाही.

“रद्द!” तांडेल ओरडला. “सदर आदेश रद्द करण्यात येत आहे!”

“करा ना,” रायरीकर म्हणाले. “पाडायचं कामही आपलंच. मे. वज्रसेतू यांचेमार्फत.” आणि भिंती आणखी एक हात जवळ आल्या.

तांडेलने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बोलायचंच नाही. एक शब्द नाही.

मुळावकर हळूच खाकरले. “मुदतीत हरकत आली नाही तर मंजुरी गृहीत धरावी,” ते म्हणाले. “तुमचंच कलम, तांडेल साहेब. फार सुरेख लिहिलं होतंत. मी डोळे मिटून सही केली होती.”

इमारत सरकली. बोललं तर सरकत होती, गप्प राहिलं तरी सरकत होती. खिडकीतून आता पलीकडच्या भिंतीवरचा चुना नखाने खरवडता आला असता. दोन्हीकडचे लोक खुशीत होते. पलीकडचे कारकून खिडकीतून उडी मारून इकडे येत होते, इकडचे अकाउंटंट तिकडे जाऊन खुर्च्या पसंत करत होते. कुणीतरी स्पीकरवर गाणं लावलं. घरच्या लग्नासारखं वाटत होतं. वरात तेवढी खाली चेंगरत होती.

“हर्‍या,” नथूबायचा आवाज आला. ती ओरडत नव्हती. तिच्या छातीला एक भिंत लागली होती आणि पाठीला दुसरी. “हर्‍या, पोरी हायत रं माज्याबरोबर. काय करायचं ता कर, पन तिथं बसून करू नको.”

तो उठला. टॉवेलही उठला. टॉवेलबरोबर खुर्ची उठली. तांडेलने मागे हात घालून चाचपलं. टॉवेलाची वीण शर्टातून आत गेली होती आणि शर्टाखाली पाठ कुठे संपते ते सापडत नव्हतं.

“बसा साहेब,” मुळावकर म्हणाले. हा शब्द त्यांनी तांडेलसाठी पहिल्यांदाच उच्चारला.

“बसतो तुझ्या टाळक्यावर,” तांडेल म्हणाला. हे वाक्य सरकारी नव्हतं. ते वेरंग्याचं होतं, आणि त्याच्या धक्क्याने कुठेही खांब उगवला नाही. त्याला एकदम हलकं वाटलं. सकाळपेक्षा जास्त. अंगात असं वारं भरलं की शिडालाच ठाऊक.

पाठीवर खुर्ची घेऊन तो खिडकीकडे पळाला. रायरीकरांनी त्याची बाही धरली. “वेडे आहात का? पुढच्या आठवड्यात समुद्र घ्यायचाय आपल्याला!” बाही फाटली. ती त्यांच्याच हातात राहिली. तांडेलने चौकटीवर पाय दिला आणि त्या फटीत उडी घेतली.

तो खाली पडला नाही. फट आता तेवढी रुंद नव्हती. खुर्चीची पाठ सरकारच्या भिंतीला लागली, चाकं कंपनीच्या भिंतीला, आणि तो मधे आडवा अडकला, बायकांच्या डोक्यावर, पोट आभाळाकडे करून. भिंती थांबल्या. सगळ्या इमारतीभर एक लांब कुरकुर झाली. गाणं बंद पडलं.

दोन्हीकडच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. वर आभाळाची पांढरी फीत होती, टॉवेलाएवढीच रुंद.

“साहेब,” रायरीकर अदबीने म्हणाले, “तिथून आदेश चालतो का, ते जरा तपासून घ्यावं लागेल.”

“टॉवेल आहे ना अंगावर? मग चालतो,” मुळावकर म्हणाले.

तांडेलने तोंड गच्च मिटलं. टॉवेलाचं निळ्या पट्टीचं टोक त्याच्या पाठीखालून लोंबत बायकांच्या हातापर्यंत पोचलं होतं. कुणीतरी ते धरलं. मग त्याच्या पाठीला खाली ओढ लागली, गार, ओली, छटाकभर वजनाची. मग शेजारीच दुसरी. नथूबायने टोपलीतले ताजे बोंबील काढले होते. ती ते एकेक करून टॉवेलावर अडकवत होती, तोंडात तोंड घालून. बाकीच्या बायका हातोहात पुढे देत होत्या.

“हलू नको रं, हर्‍या,” ती खालून म्हणाली.

खुर्चीचं एक चाक कंपनीच्या भिंतीवर सावकाश फिरू लागलं.