ताप

"अजून नाही चढला?" त्याने पुन्हा विचारलं.

नर्सने थर्मामीटर झटकला. "काका, बायकोला ताप यावा म्हणून असे हटून बसलेले तुम्हीच पहिले."

त्याचं तरी काय चुकलं? मेंदूतली गाठ काढली होती, पण मुळं मागे राहिली होती. त्याच गाठीवरून ही एमआरएनए लस खास तिच्यासाठी बनवली होती. "लस म्हणजे निरोप समजा," डॉक्टरबाई सकाळी म्हणाल्या होत्या. "शरीराला सांगायचं, हा आपला नाही, याला हाकला. अजून चाचण्याच चालू आहेत. खात्री नाही देत."

"निरोप पोचला हे कळणार कसं?" जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनमन असलेल्या माणसाला हाच प्रश्न सुचणार.

"शरीर जागं झालं, तर बहुतेक ताप येईल."

बायको तिथेच एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तो खांबावर चढून तार जोडायचा आणि तिथूनच एक्स्चेंजला फोन लावून लाइन तपासायचा. लाइन नीट झाली तरी तपासतच राहायचा. "लाइन खराब आहे की तुमचे कान?" तिने एकदा फटकारलं, आणि तो पार विरघळला. कितीतरी दिवस नुसत्या आवाजावर भागलं. प्रत्यक्ष भेटल्यावर दोघंही जरा हिरमुसले होते, असं ती पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटायची. आता मात्र गाठीपायी शब्दच आठवेनासे झाले होते; चमचासुद्धा तिच्या लेखी 'ते, हे' झाला होता. त्याला तर तिने कित्येक दिवसांत हाकही मारली नव्हती.

दुपारी तिला हुडहुडी भरली. "एकशे दोन," नर्स म्हणाली. त्याचा चेहरा खुलला. पण तिचे दात वाजताना ऐकले आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तो पायथ्याशी बसून तिची पावलं चोळू लागला.

तिचे ओठ हलले. "नंबर बोला."

तो थबकला. मग घसा खाकरून म्हणाला, "खांबावरून बोलतोय."

"मोठ्याने बोला. खरखर येतेय."

"टेस्टिंग चाललंय, ऑपरेटरबाई."

"परत?" मिटल्या डोळ्यांनीच ती वैतागली. "चांगली आहे हो लाइन. उतरा आता खाली. पडाल एखाद्या दिवशी."

"उतरतो," तो म्हणाला. नर्स उगीचच खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

ताप उतरला. पुढे आणखी डोस झाले. काही शब्द परत आले, काही गेले ते गेलेच. तिला एक अख्खा उन्हाळा मिळाला. त्यात तिने घरातले पडदे बदलून घेतले, त्याच्याशी कडाकडा भांडली, रडलीही. हिवाळ्यात गाठ पुन्हा वाढली आणि तिला घेऊन गेली.

कुणी विचारलं तर तो त्या उन्हाळ्यातली एकच दुपार सांगतो. तपासणी करून दोघं बसने परतत होते. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. नुकतेच उगवलेले तिचे खुरटे केस त्याच्या मानेला टोचत होते. त्यांचा थांबा आला. कंडक्टरने ओरडून सांगितलं. तो हलला नाही. कंडक्टर जवळ आला तेव्हा त्याने ओठांवर बोट ठेवलं, आणि खुणेनेच शेवटच्या थांब्याची दोन तिकिटं मागितली.