उजेड थांबला तिथं

"अजून मागं सरक," मी ओरडलो.

बाळासो बॅटरी माझ्याकडं धरून उसातल्या गाडीवाटेनं उलटा चालत होता. "सयाजी, पडलो तर उचलायला तूच येशील न्हवं? वरीस झालं गड्या. लय लांब हुती ती. किती येळा सांगू?"

"सरक मागं."

बाळासो माझा शेजारी. माझ्या बायकोला, राहीला, गाडीत घालायला तोच धावला होता. बॅटरी राहीचीच, त्या दिवशीसारखी दुपारभर चार्जिंगला लावलेली.

पाण्याच्या मोटारीची लाईट संध्याकाळी सातला यायची. मी आधी विहिरीवर जायचो, राही मागून भाकरी घेऊन यायची. ती कुठवर आली ते उजेडावरून कळायचं. वाटेच्या टोकाला काजव्याएवढा असायचा. निम्मी वाट संपली की दुप्पट नाही, चौपट व्हायचा. जवळ आली की डोळ्यांवर हात धरावा लागायचा.

त्या संध्याकाळी उजेड वाढता वाढता थांबला. मला वाटलं, शेजारच्या पट्टीतली खातूनबी भेटली असेल. दोघी बोलायला लागल्या की भाकरी गार. "आगं, आज तितंच मुक्काम हाय का?" मी हसून ओरडलो आणि पाणी दुसऱ्या सरीला लावलं. मग तिसऱ्या. उजेड तेवढाच.

राही बांधाला टेकून बसली होती. बॅटरी मांडीवर, तोंड माझ्याकडं. छातीत कळ आली होती. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचली असती."

धावताना मला अंतर कळलं नव्हतं. आता तो ऊस तुटून नवा आलाय, बांध सगळे सारखे. जागा सापडत नाही. पण तेवढा उजेड अजून डोळ्यांत आहे.

"थांब!"

बाळासो थांबला नाही. उजेड आणखी बारीक होत गेला.

"बाळासो, ऐकू आलंय तुला. फुडं ये."

तो सावकाश पुढं आला.

"बास. एवढाच हुता."

मी मोठ्यानं मोजत निघालो. शंभर. एकशे वीस. एकशे सत्तेचाळीसला बाळासोची छाती हाताला लागली. त्यानं बॅटरी खाली केली.



"किती झाली रं?" त्यानं विचारलं.

"चुकलं मोजताना."

"व्हय," तो म्हणाला. "उसात पावलं चुकत्यात."