वेलबुट्टीची गिटार

मी गिटार बोलतेय. आणि आधीच सांगून टाकते, चूक वर्धमानची. नशिबाची नाही, बदलत्या जमान्याची नाही. म्हाताऱ्यांना ही दोन नावं फार उपयोगी पडतात.

माझा जन्म मिरजेचा, एकोणीसशे एकोणसत्तरचा. कोल्हापूरच्या अठरा वर्षांच्या वर्धमाननं एका सतार करणाऱ्यापुढं मासिकातलं चित्र ठेवलं. "असली करा." त्यानं केली, पण हाताची सवय जाईना. माझ्या अंगभर सतारीसारखी पांढरी वेलबुट्टी काढली. मग उद्यमनगरात पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या ज्ञानू मिस्त्रीनं लोहचुंबकावर तांब्याची तार गुंडाळून माझ्या पोटात बसवली, तेव्हा मला विजेचा आवाज आला. पहिल्या दिवशी अशी ओरडले की गल्लीतली कुत्री पळाली.

तेव्हा रॉक अँड रोल म्हणजे तीन कॉर्ड, तारांवर बोटं धरायच्या तीन तऱ्हा, आणि ठेका. ठेका वर्धमानच्या दोस्ताचा, आकारामचा. कुस्तीच्या तालमीपुढं हलगी वाजवणारा हात त्यानं तसाच ड्रमवर आणला. गाणं अडीच मिनिटांत खलास. पुढच्या रांगेत अरुणा नावाची मुलगी दोन वेण्या उडवत नाचायची. वर्धमानशी लग्न झालं तरी नाचायची.

मग वर्धमान मोठा कलाकार झाला. म्हणजे बिघडला. केस वाढले, तशी गाणी वाढली. एकटाच वीस-वीस मिनिटं वाजवायचा. लोक डोळे मिटून माना हलवायचे. कळत एकालाही नव्हतं, पण कबूल कोण करणार? अरुणा आधी खाली बसली. मग यायचीच बंद झाली. ह्याला पत्ताच नाही, ह्याचेही डोळे मिटलेले!

पंच्याऐंशी साली परदेशी गिटार आली. माझी वेलबुट्टी बघून कुणीतरी म्हणालं, "भजनाला चाललास काय रं?" वर्धमान हसला आणि मला कपाटावर टाकलं. सोळाव्या वर्षी माझी शाळा सुटली. म्हणून मी अजून सोळाचीच आहे, आणि रागही तेवढाच आहे. कपाटावरून रोज वर्धमानचं ऐकायचे, "आमच्या वेळी खरं संगीत होतं." अरे, तुमच्या वेळी मी होते की!

यंदा त्याची पंचाहत्तरी. रविवारी संध्याकाळी कसबा बावड्यातल्या हॉलात कार्यक्रम ठरला, पोस्टरं लागली. आणि घरी प्रॅक्टिस करताना परदेशी गिटारीवर बोटं अडकली. पाचदा अडकली. त्यानं ती खाली ठेवली.

"कार्यक्रम रद्द कर आकाराम. माझं संपलं."

"आरं, बोटं ऱ्हाऊ देत की वर्ध्या. पब्लिकचं पाय हलवायचं हायत आपल्याला. त्याला कशाला पायजेत दहा बोटं?"

स्वयंपाकघरातून अरुणाबाई आल्या. "वीस मिनिटांचं ते मागितलंय कुणी? त्यात माझी आमटी दोनदा करपली." स्टूल ओढलं, वर चढल्या, मला खाली काढून पदरानं पुसलं. "अहो, हिच्यावर वाजवा. न्हायतर ही मी मिरजेला परत देऊन येते."

"वहिनी, खाली उतरा आधी," आकाराम म्हणाला. "तुम्ही पडला तर ह्यो शोकगीत वाजवील, चाळीस मिनिटांचं."

नव्या तारा चढल्या. तीन कॉर्ड. आखडलेल्या बोटांना तीन जमतात! आकारामनं खुर्चीवरच ठेका धरला. "व्हय की! ह्योच!" आणि वर्धमान गायला लागला. गाता येतं हेच गडी विसरला होता.

रविवारी हॉल भरला. काळ्या टीशर्टातली पोरं हाताची घडी घालून त्या लांबलचक वाजवण्याची वाट बघत होती. पहिलं गाणं अडीच मिनिटांत संपलं.

"एवढंच?" एक ओरडला.

"एवढंच! दुसरं घे!" आकाराम ओरडला.

दुसऱ्या गाण्याला अरुणाबाई उठल्या. मग पोरांच्या घड्या सुटल्या, मग खुर्च्या सरकल्या. वर्धमानचे डोळे उघडे होते. मी वेलबुट्टीसकट कोकलत होते. माझ्याएवढं सुखी त्या हॉलात कुणी नव्हतं.

आता मी दारामागच्या खिळ्याला असते, हाताला येईल अशी. तुमच्याही कपाटावर कुणी असेल, तर स्टूल घ्या आणि काढा खाली. वाट बघू नका.

वर्धमानच्या मोठेपणापायी चाळीस वर्षं अरुणाबाई नाचल्या नाहीत. आता त्यांचे गुडघे दुखतात. दोन गाणी नाचतात, तिसऱ्याला बसतात.