जिन्यावरची बिनचेहऱ्याची बाई

मी एक जुने भिंग आहे. चष्म्यातले नव्हे, डोळ्यातले. मित्रांनो, डाव्या डोळ्याच्या बाहुलीमागे मी साठ वर्षे बसून आहे. उजवीकडे माझे जुळे भावंड होते. आमची मालकीण कपडे शिवते. आम्ही स्वच्छ होतो तेव्हा ती काळ्या कापडावर काळा दोरा सहज चालवी. "काय नजर आहे!" गिऱ्हाइके म्हणत.

पुढे आम्ही गढूळ होत गेलो. दुखले नाही, खुपले नाही, म्हणून तिला कळलेही नाही. दिव्यांभोवती वलये दिसू लागली. पांढरे कापड पिवळट वाटू लागले.

मग जिन्यावर ती बाई येऊ लागली. दुपारी खिडकीतून ऊन आले, की पायऱ्यांवर एक पांढुरकी आकृती उभी राही. तिला डोळे नव्हते, तोंड नव्हते. लोक वेडी म्हणतील, या भीतीने मालकीण गप्प राहिली. दाराला कडी घालून शिवू लागली.

एकदा कडी घालायची राहिली. आकृती सरळ आत आली, तिने हात पुढे केला. मालकिणीने कात्री उगारली.

"अगं ए! मी आहे, तुझी ताई!"

बाही फाटली, हात वाचला. थोरली बहीण वरच्याच मजल्यावर राही. रोज दुपारी भेटायला खाली उतरे, दम खात जिन्यात थांबे. पण दार लागलेले पाहून, धाकटीला आपण नकोशा झालो असे समजून निमूट परत जाई.

तिनेच धाकटीला डॉक्टरीणबाईंकडे नेले.

"मोतीबिंदू आहे. डोळ्यातलं भिंगच गढूळ झालंय. थेंबांनी जाणार नाही, बदलावं लागेल."

"म्हणजे डोळा बाहेर काढणार?"

"छे हो! डोळा जागच्या जागीच राहतो."

डोळा बधिर केला. बारीक छेदातून, सूक्ष्म कंपनांनी माझ्या जुळ्याचे तुकडे झाले आणि नळीतून शोषले गेले. त्याच्या रिकाम्या पातळ पिशवीत घडी घातलेले नवे भिंग सरकवले. ते आत हळूच उलगडले. माझ्याशी ते अजून एक शब्द बोललेले नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.

"ताई, तुझ्या भुवया कधी गं पांढऱ्या झाल्या?"

थोरली हसली, मग रडली.

आता मालकीण कधीकधी उजवा डोळा झाकून माझ्यातून बघते. समोरच्या ताईचा चेहरा नाहीसा होतो. ती झटकन हात काढते.

येत्या मंगळवारी माझी पाळी. माझा राग नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी ओळखीच्या माणसालाही "कोण?" विचारू लागले, तर हसू नका, डोळे तपासायला न्या. आम्ही भिंगे ओरडत नाही, दुखत नाही. आम्ही फक्त एकेक माणूस पुसत जातो.