आठव्या खोलीतलं पाणी

मी बोगद्यातून निघालेला भराव बोलतोय. दगड म्हणाल तर दगड, चिखल म्हणाल तर चिखल. पूर्वेच्या डोंगरात पाण्याच्या पाइपासाठी बोगदा खणत होते. सत्त्याण्णव साली सुरुंगाच्या एका धक्क्यात माझा भुगा झाला. लाखो वर्षांच्या काळोखातून बाहेर आलो आणि कुणालाच नकोसा झालो.

माझ्यातला चांगला दगड खडी करायला क्रशरवर गेला. उरलेल्या मला एका बंद पडलेल्या खाणीत टाकायचं ठरलं होतं. पण खाण लांब. डंपरवाले वाटेत मागेल त्याच्या दारात मला ओतून मोकळे होत.

आत्माराम बोगद्यात सुरुंगाची भोकं पाडायचा आणि नालासोपाऱ्याला, आचोळ्यातल्या एका सखल चाळीत राहायचा. दर पावसाळ्यात घरात घोटाभर पाणी. त्यानंच मला मागून घेतलं. बोगद्यावरचे तरुण इंजिनिअर परेश त्याला म्हणाले, "टाक भराव, पण आधी पाण्याला वाट ठेव. हा चुरा दाबून बसला की पाणी मुरू देत नाही."

"गटार मागून काढू, साहेब. पाऊस तोंडावर आलाय."

आठवड्याभरात सात खोल्यांच्या जमिनी आणि पुढचं अंगण दीड हात वर आलं. बायका मला धुमसानं चोपत होत्या, हसत होत्या. कुणाला तरी मी हवा होतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

आठवी खोली आशालताची. तिचा नवरा रमेश अर्धांगवायूनं जमिनीवरच्या गादीला खिळलेला. ती आत्मारामकडे आली.

"भावजी, ह्यांना दोन दिवस तुमच्याकडे ठेवू का? तेवढ्यात आमचीही भरणी उरकेल."

आत्मारामनं बायकोकडे, सुनंदाकडे पाहिलं. ती भांडी घासत राहिली. तो म्हणाला, "पुढच्या खेपेला बघू, वहिनी."

पुढची खेप आलीच नाही. पावसाळ्यासाठी बोगद्याचं काम बंद झालं.

जुलैतली दुपार. आशालता औषध आणायला गेली होती. तीन तास पाऊस कोसळला. सात दारांसमोरचं पाणी माझ्या पाठीवरून घसरलं आणि आठव्या दारात शिरलं. मी एक थेंबही पिऊ शकलो नाही. सात खोल्या कोरड्या. रमेशनं हाका मारल्या. पत्र्यावरच्या पावसात त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मी ऐकल्या.

ती परतली तेव्हा खोलीत गुडघाभर पाणी होतं. आत्मारामनंच त्याला बाहेर काढलं. उशीर झाला होता.

तेराव्यानंतर आत्माराम तिच्या दारात उभा राहिला. "वहिनी, चुकलं माझं."

"मी फक्त दोन दिवस मागितले होते, भावजी," ती म्हणाली आणि पिशवी उचलून माहेरी गेली. पुन्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहार घेतली आणि आपल्याच ओट्यापासून मला फोडत नाल्यापर्यंत चर नेला. सुनंदा घमेली वाहत होती. शेजारी दारातून बघत होते.

याला दहा वर्षं झाली. मी आता फरशीखाली आहे. शेजारी नवी इमारत उठतेय आणि तिथं कुठल्याशा खोदकामाचा भराव पडतोय, चाळीपेक्षा तीन हात उंच. माझं एवढंच ऐका. आमच्यासारख्याला कुठंही ओतण्याआधी खालच्या घराचं दार वाजवा आणि आत कोण झोपलंय ते बघून या.