पान एकशे बारावरचा शेरा

मित्रांनो, मी एक जुनी तक्रारवही आहे. केबल आणि इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कार्यालयात, दोरीने बांधलेल्या पेनाशेजारी माझी पाच वर्षे गेली. सरकारी नियम असा होता: तक्रार लिहायची, दोन दिवसांत दूर करायची आणि मगच ग्राहकाची सही घ्यायची. माझ्या पानांना क्रमांक आहेत, शिक्के आहेत. एकही पान फाडता येत नाही.

"वही कशी आरशासारखी लख्ख!" तपासणी अधिकारी म्हणत. त्या कौतुकानेच घात केला. काउंटरवरच्या ताई तपासणीच्या सकाळी, काम झालेले नसतानाही, निवारणाचे रिकामे रकाने भरून टाकू लागल्या.

पान एकशे बारावर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची तक्रार होती. त्यांना ऐकू येत नव्हते, बोलता येत नव्हते. परगावी शिकणाऱ्या मुलीशी त्या पडद्यावर हातांनी बोलत. तीन दिवस इंटरनेट बंद होते. ताईंनी लिहिले, 'निवारण झाले', आणि बाईंच्या नावाची सहीही ठोकून दिली.

वायरमन रोजची कामे माझ्यातूनच उतरवून घेई. त्या ओळीवरून त्याचे बोट पुढे सरकले.

अकरा दिवसांनी बाई आल्या. आपली न केलेली सही त्यांनी बराच वेळ पाहिली. मग पेन ओढून खाली लिहिले: 'झालेले नाही. मुलगी आजारी आहे. बरी आहे असे लिहून पाठवते. तिचे हात पाहिल्याशिवाय मला खरे कळत नाही.'

वायरमनने वाचले. "ताई, झालं म्हणून तुम्हीच लिहिलंय की!"

"अरे दादा, तपासणी होती ना त्या दिवशी..."

"मग खांबावर आता वहीलाच चढवू का?"

ताईंचा अंगठा माझ्या पानाच्या कोपऱ्यावर थांबला. मग त्यांनी आपल्या शेऱ्यावर रेघ मारली, 'खोटा शेरा' असे लिहून स्वतःची सही केली आणि बाईंची खरी सही आणायला पेनाची दोरी सोडून मला पेनासकट वायरमनच्या हाती दिले.

वायरमनच्या काखेतून मी प्रथमच कुणाच्या घरी गेले. तासाभराने पडदा उजळला. मुलगी हातांनी 'बरी आहे' म्हणत होती. पण बोटे वाळली होती, थरथरत होती. बाईंनी माझ्यात सही केली आणि लगेच प्रवासाची पिशवी भरायला घेतली.

आता मी कपाटात तळाशी आहे. मित्रांनो, तुमच्या हाती कधी अशी वही आली, तर तिला लख्ख ठेवण्याच्या नादी लागू नका. काम झाले नसेल, तर रकाना रिकामा राहू द्या. कुणीतरी तो पाहून शिडी उचलेल.