माझ्यावर ढेकर देणारी बाई

खरं सांगते, हसू नका. इतकी वर्षं मला वाटायचं, बोरी गावातल्या या घरातलं जेवण पचतंय ते माझ्याच जिवावर. मी कोण? पाचक चूर्णाची डबी. स्टीलची, बुटकी, झाकणाला पोचा आलेला. चाळिशी उलटली, कंबर तर पहिल्यापासूनच नव्हती.

आधी वीस वर्षं मी गीताबाईच्या आईकडं होते. मग गीताबाईच्या लग्नात तिच्यासंगं इकडं आले, पोटात ओवा, सुंठ, बाळंतशेप अन् काळं मीठ घेऊन. लय थाटात होते.

गीताबाईची एक खोड. सगळ्यांची जेवणं झाली की ही ओट्यापाशी उभ्यानंच भांडी पुसून खाणार. कालच्या वरणाला तार सुटलेली. परवाच्या साबुदाण्याच्या गोळ्यावर बुरशीची लव. ती लव बोटानं काढायची, बाकीचं तोंडात. "टाकून कसं द्यावं," म्हणायची अन् लगेच मला उघडायची. ओला चमचा आत खुपसायची, वर माझ्या तोंडावरच आंबट ढेकर. वीस वर्षं ते ढेकर मी साठवले. अन् फुशारकी काय, तर माझ्यावाचून हिचं चालत न्हाई.

यंदा माझं काही चालेना. खाल्लं की उलटी. पंधरा दिवसांत बाई वाळली. मोरीतला वास तर मी सांगतच न्हाई. डॉक्टरांनी पोटात जखमा सांगितल्या, अन् आहाराचं बघायला परभणीतल्या रेणुका मॅडमकडं धाडलं. लेक प्रियांका सोबत होती. तिनं मलाही पिशवीत घातलं.

मॅडमनी मला उघडलं, हुंगलं अन् हात लांब केला. "हे कधी घेता?"

"जेवलं की."

"अन् जेवता काय?"

गीताबाईच्या आधीच प्रियांका बोलली, "आमी जेवून उरलेलं. अन् काल उरलेलं पण."

"मावशी, हे चूर्ण बंद. औषध डॉक्टरांचं घ्या. ताजं खा, थोडं खा, बसून खा. सगळ्यांच्या मागून न्हाई, सगळ्यांबरोबर. पोट म्हणजे उकिरडा हाय का?"

"मग उरलेलं कुठं टाकू?" गीताबाई रडकुंडीला आली.

"आता तरी कुठं टाकायलीस? मोरीतच ना," प्रियांका म्हणाली. "मधी पोट कशाला?"

त्या दिवशी मला घासून पालथी घातली. आता रिकामी हाय. गीताबाई खाली बसून मऊ भात खाती, अवघडल्यासारखी, पाहुण्याच्या घरी बसल्यावाणी. चार दिवस झाले, उलटी न्हाई. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिच्या भरवशावर काहीही गिळू नका. आमी डब्या हाव, आतडी न्हाई.

काल, परवाचं उरलेलं वरण बादलीत गेलं, बादली बाईनं शेळीपुढं नेली. परत आली ती भरलेलीच.

मी विचारलं, "का गं, शेळीला आवडलं न्हाई का? आमची बाई वीस वर्षं हेच खात होती."

बादली म्हणाली, "हुंगलं तिनं. मग तुमच्या बाईकडं बघत राहिली."